राखून ठेवलेली विहीर

"तुमची इहीर एकदम जपून ठेवली हाये सायेब," कोलू म्हणाला. "कोनाचा हात लागू नाई देल्ला आतापरेंत."

गुणवंतरावांनी तोंडाला लावलेली बशी तशीच खाली ठेवली. चांद्याच्या जटपुरा दरवाज्याजवळचं चहाचं दुकान, बाहेर ऊन चटके द्यायला लागलेलं, आणि हा कोसमटोल्याचा कोलू समोर उकिडवा बसून, खांद्यावरचा दुपट्टा सावरत, गावाचं कौतुक सांगावं तसं सांगत होता. जंगलखात्याच्या कसल्याशा परवान्यासाठी तो चांद्याला आला होता, रस्त्यात पाणीसायेब दिसले म्हणून थांबला, एवढंच. "जपून म्हणजे?" त्यांनी विचारलं. "म्हंजे जपूनच नं. पोरं कठड्यावर चढली का पोचूबुढा काठी घेऊन धावते. सायेबाले आपल्या हातचं चालत नाई, तो आला का त्याले चोखं पानी भेटलं पाह्यजे, म्हनते बुढा. आमाले हाये नं बोडी." विहीर माझी नाही रे, गावाची आहे, असं ते म्हणाले, तेव्हा मोठी माणसं असंच बोलतात या समजुतीनं कोलू हसला. चहा संपवला, "जोहार सायेब" म्हणाला आणि उन्हात निघून गेला.

ते बसूनच राहिले. दुकानदारानं दोनदा त्यांच्याकडे बघितलं. विहिरीत दोष कुठे आहे हे दोन उन्हाळे ते शोधत होते, आणि दोष शोधायला त्यांनी काय काय म्हणून केलं नव्हतं. पाण्याचा माणूस अशीच त्यांची सगळी उमर गेली होती; कलकत्त्याला जाऊन आरोग्याचं शिक्षण घेतलं, परत येऊन या जंगलातल्या गावांमागे लागले, लग्नाचं वय त्यातच निघून गेलं. आणि या सगळ्याच्या मुळाशी होता नारू. पायातून दोऱ्यासारखा बाहेर येणारा किडा. ज्याला तो झालाय तो घागर भरायला बोडीत, गावाच्या उथळ तळ्यात, उतरतो, जखम पाण्यात बुडते, पिल्लं सुटतात, तेच पाणी गाव पितं, आणि वर्षानं ऐन उन्हाळ्यात नव्या पायांतून नवे किडे डोकं काढतात. पाण्यात पाय पडू दिला नाही की संपलं. इतकं सोपं आणि इतकं साधं, की एखाद्यानं यासाठी जन्म घालवला असं सांगितलं तर लोक हसतील. म्हणून त्यांनी कोसमटोल्यात पायऱ्या नसलेली, कठड्याची, रहाटाची विहीर बांधून घेतली होती. नारू जायला हवा होता आणि तो गेला नाही. नागपूरच्या मोठ्या साहेबांनी मागच्या महिन्यात सरळ सांगून टाकलं होतं, पावसाळ्याच्या आत दाखवा की विहिरीनं नारू जातो. नाहीतर बाकीच्या गावांच्या विहिरी विसरा. गुणवंतराव तळाशी चीर पडलीय का ते बघत होते, औषध कमी पडतंय का ते बघत होते, बाटल्या भरभरून पाणी आणून सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडून घेत होते. पाणी स्वच्छ निघायचं. निघणारच की. त्याला तोंडच कुणी लावलं नव्हतं.

हा घोळ झाला कसा, हे कुणाला विचारायची त्यांना गरज नव्हती. पहिल्यांदा गावात गेले तेव्हा पोचूच्या घरातून तांब्या आला, आणि त्यांनी हात आडवा करून आपली बाटली काढली, उकळलेल्या पाण्याची. त्यांना डोळ्यांसमोर पाण्यातले किडे दिसत होते. गावाला दिसला एक चष्मेवाला माणूस, शुद्ध बोलणारा, आडनावाच्या शेवटी कर असलेला, जो कुणाच्याच घरचं पाणी घेत नाही. मग विहीर झाली. विहिरीचा पहिला दिवस त्यांना लख्ख आठवला आणि कान गरम झाले. नवी बादली त्यांनी स्वतः आणली होती. ती त्यांनी स्वतः सोडली, स्वतः ओढली, गावासमोर उभं राहून पाणी प्यायले. आणि भाषण केलं. या बादलीला मळका हात लागता कामा नये, ओट्यावर चपला घालून यायचं नाही, धुणं इथं नको, गुरं इथं नकोत, ही जागा सोवळ्यासारखी ठेवायची. सोवळ्यासारखी हा शब्द त्यांचाच. लोकांना पटकन कळावं म्हणून वापरलेला. लोकांना कळलाही; त्यांनी दुसऱ्या दिवसापासून तो पाळायला सुरुवात केली.

पण एवढ्यावर ते थांबलं असतं तर गुणवंतराव त्या दुकानातून उठू शकले असते. खरी बोच होती ती निराळीच. पोचूच्या घरातली म्हातारी बुधरी त्यांना एकदा "म्हाराज" म्हणाली होती. मोहफुलं वाळत घालता घालता उठून, पदर डोक्यावरून नीट ओढून, त्यांच्या सावलीपासून लांब सरकत म्हणाली होती. त्यांनी तिला थांबवायला हवं होतं. ते नुसते चष्मा पुसत राहिले, आणि आत कुठेतरी त्यांना ते गोड लागलं. होय, गोड लागलं. नांदगावच्या महारपुऱ्यातला दशरथाचा गुण्या, ज्याला शाळेत दाराबाहेरच्या पडवीत बसून फळा दिसत नसे म्हणून नुसत्या कानानं शिकावं लागलं, त्याच्या सावलीची कुणाला भीती वाटत नव्हती तर आदर वाटत होता. नांदगावकर हे आडनाव बापूजी मास्तरांचं देणं. "पुढं जायचं असलं तर हे नाव बरं पडेल तुला," असं म्हणून त्यांनी शाळेच्या दाखल्यावर गावाच्या नावाला कर जोडून दिला होता. मास्तरांचा हेतू चांगला होता. त्या कराच्या आधारानं गुणवंतराव नागपूर, कलकत्ता करत इथवर आले, कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. खानावळीत, वसतिगृहात, कचेरीत माणसं जवळ यायला लागली की तेच एक पाऊल मागे घ्यायचे. कोण जाणे, जवळ आलेला माणूस काय विचारील. अशानं मित्र व्हायचे राहून गेले.

खोलीवर आल्यावर त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, उन्हासाठी. याच खोलीत दीड वर्षामागे दसऱ्यानंतरच्या एका दिवशी ते असेच खिडक्या लावून बसले होते. चांद्यात त्या दिवशी पांढऱ्या लुगड्यांचा आणि पांढऱ्या धोतरांचा पूर लोटला होता, जुना धर्म टाकून नवा घ्यायला खेड्याखेड्यांतून माणसं आली होती, आणि त्यांत त्यांची आई वच्छला होती. संध्याकाळी ती खोलीवर आली. पायांवर धूळ, चेहरा असा की त्यांनी तो तसा कधी बघितला नव्हता. "आलास काऊन नाई तू?" तिनं विचारलं. तब्येत बरी नव्हती, ते म्हणाले. तिनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तिनं चूल पेटवली, दोघांपुरता भात टाकला आणि सकाळच्या गाडीनं ती गेली. त्यानंतर ती कधी खोलीवर आली नाही. त्यांनीच नांदगावला जावं, तेही तिन्हीसांजेला, असं चाललं होतं. गुणवंतरावांना आता त्या हाताची आठवण झाली. सगळ्या आयुष्यात त्यांच्या अंगाला आपणहून लागलेले हात मोजके होते.

तर आता करायचं काय? खाटेवर पडून ते विचार करत राहिले आणि विचार दोन्हीकडून भिंतीला लागत राहिला. गावाला सांगावं, की बाबांनो, मी तुम्ही समजता तो नव्हे, माझ्यासाठी काही राखू नका. छान. मग गाव विचारील, तर मग तू कोण? आणि उत्तर दिलं की विहीर कायमची गेली. कारण तिच्यात दोर त्यांनी सोडला होता, औषध त्यांच्या हातानं पडत होतं. त्या भागात महाराच्या हातची विहीर कोण पिणार होतं? कुणब्यांचं बघून कोसमटोल्याच्या गोंडांनीही तेवढी रीत उचलली होती. आणि नाही सांगितलं तर विहीर साहेबाची म्हणून राखलेली राहणार, गाव बोडीतच पाय बुडवणार. वरच्या जातीचा समजले तरी पाणी पीत नाहीत, खालच्या जातीचा समजले तरी पिणार नाहीत. नुसता माणूस म्हणून विहिरीपाशी उभं राहायला जागाच नव्हती कुठे. त्यांना हसू आलं, आणि एकट्यानं हसल्याचा आवाज खोलीत फार मोठा वाटला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गडचिरोलीची मोटार धरली. मूल गाव मागे पडलं, सावली गावाच्या पुढे वैनगंगेच्या वाळूतून मोटार रांगत गेली, लोक उतरून ढकलायला लागले, तेही उतरले. गडचिरोलीहून सुकलूची बैलबंडी केली. सुकलू वाटेत एकटाच बोलत होता, औंदा मोह बरा पडला म्हणून, तेंदूवाले लवकर येतील म्हणून. बैलांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा टकटक वाजत होत्या. साजाच्या झाडांखाली पानगळीचा लाल पाचोळा, मधूनच वाऱ्याबरोबर मोहाचा तो गोड, आंबूस वास, डोकं जड करणारा. कोसमटोल्याला जाताना दर वेळी त्यांना बरं वाटायचं. इथे आपली वाट बघतात असं वाटायचं. आज त्यांना कळत होतं की वाट बघत होते ती दुसऱ्याच कुणाची. चष्मा त्याचा, बाटली त्याची, आडनाव त्याचं. फक्त आत बसलेला माणूस गुण्या होता, आणि त्याला या गावात कुणी ओळखत नव्हतं.

पोचूच्या अंगणात पहिली दिसली ती मंगली, पोचूची सून. भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. घोट्याच्या वर सुजलेली लाल गाठ, तिला तोंड फुटलेलं, आणि त्यातून आलेलं पांढरं सूत तिनं बारीक काडीला गुंडाळून धरलं होतं. एकदम ओढलं तर तुटतं आणि पाय सडतो, म्हणून रोज थोडं थोडं गुंडाळत बसायचं, पीक घरात यायच्या दिवसांत, मोह वेचायच्या दिवसांत. गुणवंतराव तिच्यासमोर खाली बसले. विहीर झाली त्या वर्षी याच मंगलीला ते म्हणाले होते, आता तुला हे होणार नाही, मी सांगतो. तिलाही ते आठवत असावं. ती लाजून हसली, जणू चूक तिच्याकडून झाली होती. "झालं सायेब," ती म्हणाली. "दुखतं का?" "रातच्यानं लय ठनकते." त्यांना तिथेच, तिच्यादेखत, रडू येईल असं वाटलं. मोठ्या साहेबांचं राहू द्या, बाकीच्या गावांचं राहू द्या. या एका बाईला त्यांनी शब्द दिला होता, आणि ती साहेबाचं पाणी चोखं राहावं म्हणून दोन वर्षं घाण पाणी प्याली होती.

आतून पोचू आला. काळा, वाळका, कमरेला पंचा, डोक्याला फडकं. गावात त्याचा शब्द चालायचा. "चला," गुणवंतराव म्हणाले, "विहिरीवर चला, सगळ्यांना बोलवा." पोचूनं हाका मारल्या. बाया आल्या, म्हातारी बुधरी आली, मंगली काठी टेकत, काडी सांभाळत आली. ओटा झाडून ठेवलेला, कठड्याला गेरूचा पट्टा ओढलेला, बादली उपडी घालून वर पळसाची पानं. कुणी एखाद्या देवाचं ठिकाण राखतं तशी ती जागा राखली होती. कोणी राखावं असं त्यांचं आजवर काहीच नव्हतं, आणि हे जे होतं ते आता मोडायचं होतं.

"मला तहान लागली आहे," ते म्हणाले. "मंगली, पाणी काढ."

कुणी हललं नाही. पोचू म्हणाला, "सायेब, तिचा हात लागला का तुमाले ते चालन काऊन?"

"चालेल."

"आज चालन. उद्या तुमी काय पेसान? एकडाव दोर बाटला का बाटला."

"उद्याही तिच्याच हातचं पिईन. तुमच्याही हातचं पिईन. माझ्या बाटलीत आजपासून पाणी नाही. तुमच्या हातचं मी घेतलं नाही ते पाण्यातल्या किड्यांना भिऊन, पोचूभाऊ. तुम्हाला भिऊन नाही. या विहिरीत किडा नाही. आता कशाला भिऊ?"

बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मंगलीनं काठी कठड्याला लावली आणि पळसाची पानं बाजूला केली. दुखरा पाय उचलून, एका पायावर तोल धरून तिनं बादली सोडली. रहाट कुरकुरला. ती ओढत असताना गुणवंतरावांना पुढे होऊन दोर धरावासा वाटत होता, पण त्यांनी तो धरला नाही. भरलेली बादली कठड्यावर आली. तिनं कमरेचा सुकवलेल्या भोपळ्याचा तुंबा पाण्यात बुडवला, पुढे आली, आणि थबकली. तुंबा रोज तिच्या तोंडाला लागणारा. साहेबाच्या तोंडाला तो कसा लावायचा? तिनं मनाशी वाट काढली. "हात करा सायेब," ती म्हणाली, "वरून वतते मी. येर पेऊन घ्या, पानी."

ते खाली बसले. विचार करायला वेळच मिळाला नाही. गुडघे जुळले, कोपरं गुडघ्यांना टेकली, दोन्ही तळवे हनुवटीशी येऊन घट्ट मिटले, करंगळीला करंगळी, मनगटाला मनगट, मान नेमकी तेवढी कलली. पाणी आलं. गार, दगडाच्या वासाचं, थोडंसं औषधाचं. ते पीत राहिले. डोळे मिटले होते आणि मिटलेल्या डोळ्यांमागे नांदगावच्या पाटलाची विहीर होती, दुपार होती, कुणीतरी येऊन पाणी काढील म्हणून तासभर ताटकळलेली आई होती, आणि अखेर वरून पडणारी ती धार होती, जिच्याखाली आई त्यांना पुढे ढकलायची आणि पुटपुटायची, सांडू नोको लेका, दुसऱ्यांदा देनार नाई. धार थांबली. त्यांनी तळव्यातला शेवटचा घोट ओढून घेतला आणि डोळे उघडले.

बुधरी पुढे झाली. मंगलीच्या हातून तुंबा घेऊन तिनं पाणी प्यायलं, तोंड पुसलं, म्हणाली, "गोड हाये वं." मग कुणाची तरी घागर आली, मग दुसरी. दोर सरसर खाली जायला लागला. बाया आधी दबकत, मग मोठ्यानं बोलायला लागल्या, एकीनं दुसरीला कोपर मारून बाजूला केलं, हसणं झालं. गुणवंतराव ओट्याच्या कडेला उभे राहून बघत होते. विहीर गावाची झाली होती. त्यांच्या छातीत काहीतरी इतकं भरून आलं की ते कुणाला सांगावं म्हणून त्यांनी पोचूकडे बघितलं.

पोचू विहिरीकडे बघत नव्हता. त्यांच्या सदऱ्याच्या कोरड्या बाह्यांकडे बघत होता. तो ओट्याखाली दगडावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "थेंब नाई सांडला तुमचा."

गुणवंतरावांनी आपल्या बाह्यांकडे बघितलं.

"बामनाले असं पेता येत नाई. बाह्या ओल्या होतेत, नाकात जाते. जंगलनाक्यावरच्या बाबूच्या दारात माह्या बापानं पेलं असं, मी पेलं. लहानपनापासून हात धरा लागते, तवा जमते."

"पोचूभाऊ, मी—"

"नोका सांगू." म्हाताऱ्यानं हात वर केला. "मले आयकाचं नाई. आयकलं तं कोनी इचारलं का सांगा लागन, मले खोटं बोलता येत नाई. मले काई वाटत नाई असंबी नाई म्हनत मी. थोडं वाटते. पन ते माहं मी पाहून घेईन. आता आयका. मंगली काढन आन तुमाले देईन. तुमी आले का पह्यलं तुमाले देईन. पन दोराले हात लावाचा नाई तुमी आता. उद्या बाजारात कोनी वळखीचा भेटला, त्यानं गावात येऊन सांगतलं, तं लोक म्हनतीन का त्या मानसानं आमच्या डोयापुढं दोर ओढला. मंग ही इहीर तुटते. मांगचं झालं ते झालं. ते दवाचं डबं माह्यापाशी द्या. किती टाकाची ते सांगून द्या, मी टाकत जाईन."

"विहीर मी बांधली, पोचूभाऊ."

"हव. तुमीच बांधली," पोचू म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि लाजही नव्हती. "म्हनूनच सांगून राह्यलो नं."

गुणवंतरावांनी पिशवीतून औषधाचा डबा काढला. झाकण उघडून माप दाखवलं, सपाट, शीग लावायची नाही, बाजाराच्या दिवशी संध्याकाळी टाकायचं, रात्रभर पाणी काढायचं नाही. पोचूनं सगळं एकदा म्हणून दाखवलं. चूक एकही नव्हती. पडल्या आवाजात त्यांनी त्याला शाबास म्हटलं. डबा त्याच्या हातात देताना दोघांचीही बोटं डब्याला होती, एकमेकांना लागली नाहीत.

मंगली घागर भरून घेऊन चालली होती, लंगडत, दुसरी एक बाई तिच्या घागरीला हात लावून. जाताना ती त्यांच्याकडे बघून हसली, या वेळी न लाजता. फार तर आणखी एक उन्हाळा, मग हिला नारू होणार नाही, त्यांच्या मनात आलं, आणि ते अगदी खरं होतं. नागपूरला काय लिहायचं तेही आता ठरलं होतं: विहीर वापरात आजच आली, मुदत वाढवून द्या.

पोचू मात्र डबा मांडीवर घेऊन तसाच बसून होता. तो त्यांच्याकडे बघत नव्हता, त्यांच्या पायांकडे बघत होता. गुणवंतराव अजून ओट्यावर उभे होते. त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग घागर घेऊन येणाऱ्या बाईला वाट देत ते खाली उतरले.